माशांची टाकी ठेवायची कशावर? वजन, स्टँड, लेव्हल आणि आपली काळी माती

आमच्याकडे दिग्रसच्या बाजूला आता बऱ्याच घरांत फिश टँक दिसायला लागलेत. कोणी पोरांच्या हट्टापायी घेतो, कोणाला वास्तुशांतीत भेट येतो, कोणी नागपूर-अमरावतीला गेला की दुकानातला निळा लाईट पाहून घेऊनच येतो. दुकानात सगळे मासे विचारतात, फिल्टर विचारतात, खाणं कोणतं द्यायचं ते विचारतात, पण टाकी ठेवायची कशावर हा प्रश्न घरी गाडीतून उतरवताना पडतो आणि मग जे रिकामं दिसेल त्यावर ती बसते. मी पण तेच केलं होतं आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझी पहिली मोठी टाकी तीन फुटांची होती, अक्षय तृतीयेला आणली. स्टँड तालुक्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला होता, तो म्हणे "काही नाही होत भाऊ, दोन माणसं उभे राह्यले तरी हालत नाही." आणि खरंच हलत नव्हता, फक्त पुढचा उजवा पाय जरासा आखूड होता, तर मी त्याच्याखाली पुठ्ठा दुमडून घातला आणि टाकी भरली. दीड महिना काहीच झालं नाही. मृगाचा पाऊस चांगला पडला त्याच आठवड्यात रात्री दोन-अडीचला आईने हाक मारली, "अरे उठ, घरात पाणी कुठून येऊन राह्यलं पाह्य बरं." लाईट लावला तर बैठकीत पाणीच पाणी, मासे फरशीवर तडफडत होते, आणि भिंतीला पेरणीसाठी लावून ठेवलेल्या सोयाबीनच्या बियाण्याच्या दोन बॅगा खालून भिजलेल्या. सोयाबीनचं बियाणं एकदा पाणी पिऊन फुगलं की पेरायच्या कामाचं राहत नाही, ऐन पेरणीत परत विकत घ्यावं लागलं.

सकाळी टाकी उतरवून पाहिलं तर तळाच्या काचेला पुढच्या उजव्या कोपऱ्यातून तिरपा तडा होता, बरोब्बर त्याच पायाच्या वर. खालचा पुठ्ठा ओल धरून दबून कागदाएवढा झाला होता. स्टँडचं एकही वेल्डिंग सुटलं नव्हतं, एक पाइप वाकला नव्हता. म्हणजे वजन त्या स्टँडने पेललं होतं, काच फुटली ती एक कोपरा खाली गेल्यामुळे पडलेल्या पिळाने. काच दाब भरपूर सहन करते, पीळ अजिबात नाही. खाली जे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे, की टाकीचा तळ सगळीकडून सारखा टेकला पाहिजे आणि वर्षभर तसाच टेकलेला राहिला पाहिजे.

आधी वजन काढा

हे सोपं आहे. टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्या, गुणाकार करा, त्याला २८ ने गुणा, तेवढे लिटर पाणी मावतं आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन बाय एक बाय एक फुटाची लहान टाकी म्हणजे ५६ लिटर. माझी तीन बाय दीड बाय दीड होती, म्हणजे पावणेसात घनफूट, जवळपास १९० लिटर. आपण काठोकाठ भरत नाही, वर दोन इंच सोडतो आणि खडी पण जागा खाते, तर पाणी धरा १५५-१६० किलो. आता काच. काचेचा हिशोब असा की एक चौरस मीटर काच, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. माझ्या टाकीला ८ मिलिमीटरची काच होती, सगळ्या बाजू मिळून १८ चौरस फूट, म्हणजे ३३ किलोच्या आसपास. दोन इंच खडी पसरली की ती पण ३०-३५ किलो. वर झाकण, लाईट, दोन-चार दगड, फिल्टर. सगळं मिळून २४० किलोच्या घरात जातं, सिमेंटच्या जवळपास पाच बॅगा, त्या पण दीड फूट रुंदीच्या जागेवर रात्रंदिवस ठेवलेल्या. लहान दोन फुटी टाकी पण भरल्यावर ७०-७५ किलो होते.

हा आकडा डोक्यात बसला की मग घरातली कोणती वस्तू चालेल ते आपोआप कळतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो जुना कूलरचा स्टँड. कूलर खराब झाला, स्टँड रिकामा आहे, उंची पण बरोबर आहे, ठेवा टाकी. नका ठेवू. तो पातळ अँगलचा असतो, वर नुसती चौकट असते, आणि दोन-चार उन्हाळे-पावसाळे बाहेर राहून त्याचे पाय खालून गंजलेले असतात, रंगाखाली ते दिसत पण नाही, स्क्रूड्रायव्हरने टोकरून पाहा, कधी कधी आरपार जातो. धान्याच्या कोठीवर ठेवलेली टाकी पण मी पाहिलीये, कोठीचा पत्रा मधे दबतो आणि झाकणाची कड उंच राहते, म्हणजे तळाच्या काचेला मधे आधारच नाही. टीव्हीचं शोकेस बहुतेक भुशाच्या बोर्डचं असतं, त्याला पाण्याचे थेंब लागले की कडा फुगतात आणि स्क्रू ढिले होतात, आणि टाकी म्हटल्यावर थेंब पडणारच. दिवाण, शिलाई मशीनचा टेबल, प्लॅस्टिकचा स्टूल यांचं तर नावच नको. जुन्या सागवानाचं जाड, बसकं, चार पाय सरळ असलेलं टेबल असेल तर लहान दोन फुटी टाकीला चालतं, पण ते हाताने धरून डावी-उजवीकडे ढकलून पाहा, जरा पण झुललं तर सांधे ढिले आहेत, सुतार लावून घट्ट करून घ्या.

मग जमीन पाहा, स्टँड त्यानंतर

आपल्याकडचा खरा घोळ इथे आहे. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगा पडतात, वावरात आपण रोज पाहतो. घराच्या खाली पण तीच माती असते. ज्यांनी घर बांधताना खोल खोदून मुरूम भरलाय त्यांचं ठीक, पण बऱ्याच घरांत थोडासा भराव आणि वर शहाबादी टाकलेली असते, अशी फरशी मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये दुसरी असते. तुमच्या घरात दरवाजा पावसाळ्यात खाली घासतो आणि उन्हाळ्यात मोकळा चालतो का? लाकूड फुगतं हे एक कारण आहेच, पण चौकट पण थोडी हलत असते. भिंतीच्या कोपऱ्यात तिरपी भेग दरवर्षी उघडते-मिटते का? मग समजा की त्या बाजूची जमीन हलते, टाकी तिथून लांब ठेवा.

जागा शक्यतो आतल्या भिंतीजवळ निवडा, बाहेरच्या भिंतीच्या बाजूला पावसाचं पाणी मुरून हालचाल जास्त होते, त्यात न्हाणीघर किंवा पन्हाळीचं पाणी पडतं ती बाजू तर नाहीच. काही घरांत ईशान्य कोपराच पाहिजे असतो, ठेवा, पण तो कोपरा पोकळ असेल तर आधी तो नीट करून घ्या. पोकळ फरशी ओळखायची तर रुपयाच्या नाण्याने किंवा चावीने वाजवा, भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द.

सारवलेल्या मातीच्या जमिनीवर स्टँड थेट ठेवला तर पाय रुतणारच, तेही एकसारखे नाही. तिथे असं करा. टाकीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठी जागा आखा, सहा इंच खोदा, मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसने चांगला ठोका, परत मुरूम, परत पाणी, परत ठोका. वरच्या इंचभरात क्रशरची चुरी पसरवून पट्टीने सारखी करा आणि त्यावर जाड शहाबादीची अखंड लादी बसवा. दोन तुकडे जोडून नको, एक तुकडा दबला की संपलं. मग आठ दिवस थांबा.

या आठ दिवसांत मी एक काम करतो आणि तुम्हाला मनापासून सांगतो की करा. स्टँड जागेवर ठेवायचा, त्याच्यावर जाड फळी टाकायची आणि काट्यावर मोजून गव्हाचे-सोयाबीनचे कट्टे रचायचे, टाकीच्या वजनापेक्षा थोडे जास्त. माझ्या टाकीसाठी तीनशे किलो रचले होते. पहिल्या दिवशी पाणसळ (लेव्हल बघायची मिस्त्रीची पट्टी) ठेवून बुडबुडा कुठे आहे ते खडूने लिहून ठेवायचं, आठव्या दिवशी परत त्याच जागी पाहायचं. जमीन दबायची असेल तर कट्ट्यांखाली दबू द्या, काचेखाली नको. कट्टे रचलेत तोवर पोरांना तिकडे जाऊ देऊ नका.

वरच्या मजल्याचं थोडक्यात सांगतो. आरसीसी स्लॅब असेल तर राहत्या खोलीसाठी तो साधारण दर चौरस मीटरला २०० किलो एवढा भार धरून काढलेला असतो, तो पूर्ण खोलीत पसरलेला भार असतो, आणि टाकी एवढ्याशा जागेत जास्त वजन आणते. दोन फुटी टाकी भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवली तर चिंता नसते, तीन फूट आणि वर असेल तर ज्याने घर काढलंय त्या इंजिनिअरला विचारूनच, खोलीच्या मधोमध तर नाहीच. जुनं माळवदाचं, लाकडी सऱ्यांचं घर असेल तर माडीवर टाकी नको, सरे आतून वाळवीने किती खाल्लेत ते वरून कळत नाही.

स्टँड: विटांचा, लोखंडी की लाकडी

गावात तळमजल्यावर माझं मत विचाराल तर विटांचा ओटा सगळ्यात चांगला. गंजत नाही, वाळवी लागत नाही, हलत नाही, पोरगं लटकलं तरी पडत नाही. तीन फुटी टाकीला तीन आडव्या भिंती बांधायच्या, दोन टोकांना आणि एक मधे, प्रत्येक दीड-पावणेदोन फूट लांब, नऊ इंच जाड, दोन ते सव्वादोन फूट उंच, आणि त्यावर दीड इंच जाडीची अखंड कडप्पा. मधली भिंत वाचवू नका, कडप्पा कडक असते पण मधे आधार नसला की एका झटक्यात तुटते, आधी वाकून इशारा देत नाही. भिंतींच्या डोक्यावर मसाला पसरून कडप्पा पाणसळ लावून बसवायची, म्हणजे लेव्हल तिथेच पक्की होते. सात दिवस पाणी मारा, आणखी आठवडाभर सुकू द्या, मग टाकी. फक्त एक लक्षात ठेवा, नुसत्या तीन भिंतींचंच वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं, म्हणून हा ओटा खालीच, आणि तोही मुरूम-काँक्रीटच्या पक्क्या तळावर. मिस्त्री घरी दुसऱ्या कामाला आलेला असेल तेव्हाच करून घेतला तर स्वस्तात होतो.

लोखंडी करायचा असेल तर वेल्डरला नुसतं "तीन फुटाचा स्टँड" सांगू नका, बसून समजावून सांगा. तीन फुटी टाकीला ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा. दोन फुटीला २५ चा चालतो. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांच्या बाजूला चिकटवलेली नको, कारण डोक्यावर बसली तर वजन पाइपवरून पाइपवर उतरतं, बाजूला चिकटवली तर सगळं वजन वेल्डिंगच्या शिवणीवर लटकतं. वर मधे एक आडवा पाइप, खाली चारही पाय बांधणारी चौकट, आणि मागच्या बाजूने एक तिरपी पट्टी, ती नसली तर स्टँड उभा दमदार वाटतो पण बाजूने धक्का लागला की झुलतो. प्रत्येक पायाखाली तीन-चार इंचाची चौकोनी लोखंडी प्लेट लावून घ्या, नाहीतर पोकळ पाइपच्या धारेवर ६०-६५ किलो येतात आणि टाइल तडकते. वेल्डिंगचे मणी ग्राइंडरने साफ करून घ्या, तळाच्या काचेखाली एक मणी राहिला तरी तो खिळ्याचं काम करतो. मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) आणि वरून दोन हात ऑइल पेंट, पाइपची खालची तोंडं बंद करून.

पीळ तपासायची रीत वेल्डरच्या दुकानातच वापरा, घरी आणल्यावर तो परत येत नाही. दोन बारीक दोऱ्या घ्या, वरच्या चौकटीवर एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात ताणून बांधा, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. मधे जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोन्ही दोऱ्या नुसत्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. मधे फट दिसली तर चौकट पिळलेली आहे. मग खालची दोरी वर घेऊन परत बघा, कारण पीळ उलट्या बाजूला असेल तर पहिल्या वेळी दोरी दोरीला दाबते आणि फट दिसत नाही. सोबत दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले की चौकट काटकोनात आहे. आखूड पाय मात्र दोऱ्यांत दिसत नाही, त्यासाठी स्टँड सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहा, माझ्या पहिल्या स्टँडचं हे दुकानातच केलं असतं तर तो तिथेच सापडला असता.

लाकडी स्टँडचं तत्त्व तेच, लाकडावर लाकूड बसलं पाहिजे, वजन स्क्रूवर नको. प्लाय घ्यायचा तर बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या ग्रेडचा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, १८-१९ मिलिमीटर. साधा कमर्शियल प्लाय कूलरच्या ओलाव्यानेच एका उन्हाळ्यात पापुद्रे सोडतो. आणि तो जमिनीला थेट टेकवू नका, खाली फरशीचे तुकडे द्या, वाळवी जमिनीतूनच चढते.

कोणताही स्टँड असो, वरचं फळकूट टाकीएवढं किंवा अर्धा-एक इंच मोठं पाहिजे. टाकी स्टँडच्या बाहेर बोटभर पण लोंबू नये, कारण चारही उभ्या काचांचं वजन कडांवरूनच खाली उतरतं.

बसवायची रीत

स्टँड जागेवर आणला की पाणसळ आधी लांबीत, मग रुंदीत, मग दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवून बघा. पाणसळ नसेल तर मिस्त्रीची पाण्याची पारदर्शक नळी चालते, नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नसेल तर ती चुकत नाही. मोबाईलच्या ॲपवर माझा भरवसा नाही, कव्हर आणि कॅमेऱ्याच्या उंचवट्याने ते फसतं. पाय उंच करायचा असेल तर स्टँडच्या पायाखाली पत्र्याची, कडक प्लॅस्टिकची किंवा फरशीची पातळ चकती घाला, पूर्ण पायाला टेकेल अशी. पुठ्ठा, लाकडाची चिपटी, दुमडलेला कागद यातलं काहीही नको. आणि स्टँड व टाकीच्या मधे कधीच काही कोंबू नका, जी दुरुस्ती करायची ती पायाखाली.

मग थर्माकोल. साध्या, सिलिकॉनने जोडलेल्या टाकीचा पूर्ण तळ टेकतो, तिच्याखाली अर्धा इंच जाडीची, तळाएवढीच कापलेली अखंड शीट घाला, बारीक उंचवटे ती पिऊन घेते. स्टँडचा मोठा पीळ ती भरून काढत नाही, तशी आशा ठेवू नका. ज्या टाकीला खालून प्लॅस्टिकची चौकट असते आणि काच चौकटीच्या आत वर उचललेली असते, तिच्याखाली थर्माकोल घालायचं नाही, तिथे वजन फक्त चौकटीने घ्यायचं असतं, शीट मधून काचेला वर ढकलते. टाकी उलटी करून बघा म्हणजे कोणती आहे ते कळेल. आपल्या घरांत उंदीर थर्माकोल कुरतडतात, मी आता सहा मिलिमीटरची फोमची शीट वापरतो, ती टिकली आहे.

टाकी दोघांनी तळाखाली हात घालून उचला, वरच्या काठाला धरून कधीच नाही, आणि आत दोन इंच पाणी असलं तरी उचलू नका. भरताना एका दमात नळी सोडून देऊ नका. पाव भरा, लेव्हल बघा, तासभर थांबा. अर्धी भरा, परत बघा, रात्रभर राहू द्या. सकाळी स्टँडखाली कोरडा पेपर पसरून बाकीची भरा. पाण्याची रेघ हीच सगळ्यात खरी पाणसळ आहे, चारही कोपऱ्यांवर काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. तीन फुटात एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर कलली तर चालतं, पण एकच कोपरा वेगळा आकडा दाखवत असेल तर पाणी काढा आणि पाया दुरुस्त करा. भरलेल्या टाकीचा पाय जॅकने किंवा पहारीने उचलायला जाऊ नका, तसं करताना काच फुटलेली मी डोळ्याने पाहिली आहे.

विजेचं पण याच्यातच येतं, कारण बोर्ड बहुतेक स्टँडमध्येच ठेवतात. बोर्ड पाण्याच्या खाली ठेवू नका, भिंतीवर बाजूला घ्या, आणि वायर आधी खाली लोंबून मग वर प्लगला गेली पाहिजे म्हणजे थेंब खाली गळतो, प्लगमध्ये जात नाही. हवेचा पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर लाईन गेली की पाणी नळीतून उलटं खाली येऊन पंपात आणि तिथून बोर्डात जातं, आपल्याकडे लाईन किती वेळा जाते ते सांगायला नको. नळीत उलटं पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व्ह अगदी स्वस्तात मिळतो, तो पण बसवा. स्टँड लोखंडी असेल तर घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवला तर फारच चांगलं. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, रोज, दरवेळी.

कधी तडा गेलाच तर आधी मेन बंद करा, पाण्यात पाय ठेवायच्या आधी. मग नळीने बादल्यांत पाणी काढा, मासे त्याच पाण्याच्या बादलीत ठेवा. तड्यावर टेप लावत बसू नका, पाणी खाली गेलं की दाब आपोआप कमी होतो.

माझी आताची टाकी ओट्यावर आहे, पाचवं वर्ष चालू आहे. काचेवर बाहेरून चारही कोपऱ्यांत परमनंट मार्करने पाण्याच्या पातळीचे ठिपके केलेत. मृग लागायच्या आधी, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, असं तीनदा मी त्या ठिपक्यापर्यंत पाणी भरून बघतो, चारही ठिपके एकाच वेळी बुडतात का. मागच्या पावसाळ्यात डावीकडचे दोन ठिपके जवळपास दोन मिलिमीटर उशिरा बुडाले होते, पण दोन्ही सारखेच, म्हणजे ओटा अख्खा कलला, पिळला नाही. दिवाळीनंतर माती सुकली तसे परत जागेवर आले. यंदा त्या बाजूची पन्हाळ वळवून पाणी अंगणाच्या पलीकडे काढलंय, आता पोळ्याला परत मोजणार.